वरच्या अंगाची विहीर

"तीन दिस थांब, केतकी. नव्या पाण्याला तीन दिस हात लावायचा नसतो," असं तिचे वडील, आप्पा, म्हणाले होते, आणि केतकीनं ते हसण्यावारी नेलं होतं.

उलटून बोलायचा तिचा स्वभाव नव्हता. आठ महिन्यांची नक्षी कडेवर होती, गॅसवर पाणी उकळत होतं, आणि त्या उकळत्या पाण्याकडे बघतच ती म्हणाली होती, "आप्पा, तीन दिवस टँकरचं पाणी प्यायलं तर तुमची नात परत दवाखान्यात जाईल. आणि आता सेन्सर असतो. चुन्याची रेघ मारून बसायचे दिवस गेले." आप्पांनी मान डोलावली, नातीच्या टाळूवरून खडबडीत बोट फिरवलं, आणि चहा न घेताच वाटेला लागले. चहा राहिला हेही तिच्या ध्यानात आलं ते आप्पा गेल्यावर.

आप्पांनी आयुष्यभर विहिरी फोडल्या होत्या. माणच्या खोऱ्यात एकशे बेचाळीस. आधी पहार आणि सुरुंगावर, मग दगड वर ओढणाऱ्या यारीवर. त्यांच्या घराण्यात एक रीत होती. नव्या विहिरीला पाणी लागलं की पहिली घागर मालकाला मिळायची नाही. ती घागर खांद्यावर घेऊन वरच्या अंगाच्या सगळ्यात जवळच्या जुन्या विहिरीवर जायचं, तिथल्या पाण्यात ओतायची, आणि त्या जुन्या विहिरीच्या आत, पाण्याच्या काठाला चुन्याची रेघ मारायची. मग तीन दिवस नव्या विहिरीतून फक्त झरा वाहू द्यायचा, उपसा करायचा नाही. चौथ्या दिवशी रेघ बघायची. पाणी रेघेच्या खाली वीतभर उतरलं असेल, तर नव्या विहिरीनं शेजाऱ्याचं पाणी ओढलं म्हणायचं आणि तो झरा चिकणमाती ठोकून बुजवायचा. आप्पांनी दोनदा असा झरा बुजवला होता. एकदा तर मालकानं काठी उगारली होती.

केतकी त्या घराण्यातली पहिली पदवीधर. सोलापूरला भूशास्त्र शिकली, खोरे मंडळात भूजल निरीक्षक झाली, आणि लग्न होऊन हिवरतळला आली. माहेर भोकरमाळला. दोन्हींच्या मध्ये एक काळ्या दगडांची धार होती, माळावर पडलेल्या जनावराच्या कण्यासारखी. गाडीरस्त्यानं वळसा घालून नऊ किलोमीटर. धार ओलांडून चालत गेलं तर पाऊण तास.

त्या धारेला दोन्ही गावं काळी भिंत म्हणायची, आणि खरंच ती भिंत होती. हा सगळा मुलूख लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. प्रत्येक थराचं पोट काळं, घट्ट, पाण्याला दारही न उघडणारं. वरची कड मात्र फेसाळलेली, वायूचे बुडबुडे निसटून भोकाभोकांची झालेली. विहीर फोडणारे तिला मांजऱ्या म्हणतात. पाणी मुरतं ते मांजऱ्यात आणि भेगांत, आणि तेही किती, तर शंभर घागरी मावतील एवढ्या खडकात दोन-तीन घागरी. नदीकाठच्या वाळूसारखं इथं अमाप काही नसतंच. थर साचून झाल्यावर कधीतरी जमीन उभी चिरली, त्या चिरेतून नवा लाव्हा वर आला आणि आतल्या आत थिजला. तीच ही भिंत. वर दिसते पुरुषभर, खाली जाते कोण जाणे किती. डोंगराकडून उतरणारं जमिनीतलं पाणी तिला येऊन थटतं. म्हणून भोकरमाळच्या विहिरींना मे महिन्यातही दोन परस, म्हणजे दोन पुरुष खोल पाणी, आणि भिंतीच्या खालच्या अंगाला हिवरतळमध्ये पौषातच ठणठणाट.

दोन हजार एक्केचाळीसच्या त्या उन्हाळ्यात हिवरतळला टँकर चौथ्या दिवशी येत होता. ते पाणी कुठल्या तळ्याचं, हे ड्रायव्हरलाही ठाऊक नसायचं. फाल्गुनात नक्षीला जुलाब लागले. सहा दिवस ती तालुक्याला सलाइनवर होती. इवल्याशा हाताला फळकूट बांधलेलं, टाळू खोल गेलेली. त्या सहा दिवसांत केतकीला एक सवय जडली. मूल झोपलं की त्याच्या नाकाखाली बोट धरून बघायचं. घरी आल्यावरही ती सुटली नाही. दुपारी नक्षी झोपली की दर दहा मिनिटांनी ती पदर सावरत उठायची. नवरा, रणजित, चिडवायचा, "अगं, झोपू दे तिला. तू मोजला नाहीस म्हणून ती श्वास घ्यायची थांबत नाही."

त्याच महिन्यात मंडळानं तालुक्याला ते नवं यंत्र दिलं. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं, लोकांनी त्याला गांडूळ म्हटलं.

विहिरीच्या तळातून आडवी बोअर मारायची पद्धत इकडे जुनीच. पण ती बोअर आंधळी आणि सरळ. शंभर फूट जाते, नशीब असेल तर भेगेला भिडते. गांडूळ मनगटाएवढं जाड, पेऱ्यापेऱ्यांचं, आणि डोळस होतं. पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजन असतो, आणि हायड्रोजनचं प्रत्येक केंद्र म्हणजे एक इवलासा लोहचुंबक. दवाखान्यातलं एमआरआय यंत्र त्याच चुंबकांना हलकासा धक्का देतं आणि त्यांचा प्रतिसाद ऐकून शरीराचं चित्र काढतं. गांडूळ तेच खडकात करायचं. धक्का द्यायचं, ऐकायचं, जिकडून जास्त प्रतिसाद येईल तिकडे तोंड वळवून कुरतडत जायचं. एक किलोमीटरपर्यंत. केतकी वर पडद्यासमोर बसून त्याला वाट दाखवायची.

हिवरतळच्या गावविहिरीतून ते सोडलं आणि अकरा दिवस ते कोरड्या खडकातून गेलं. बाराव्या दिवशी थांबलं. पडद्यावर आलं : पुढे कठीण उभा दगड, जाडी नऊ मीटर. पलीकडे भरपूर ओल. पुढे जाऊ?

केतकीनं हिशेब मांडला. हात जाईल एवढं भोक. संगणकानं सांगितलं, वरच्या विहिरींची पातळी वर्षाकाठी तीस सेंटिमीटर उतरेल. तीस सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. आप्पांनाही तिनं विचारलं, पण ते विचारणं सांगण्यासारखंच होतं. आप्पा म्हणाले, भिंत मधे पक्की असते, पण तिच्या दोन्ही कडांचा खडक तापून मोडलेला असतो, भेगांत माती बसलेली असते म्हणून तो पाणी धरतो. एकदा पाणी पळायला लागलं की ती माती धुऊन निघती आणि मग भोक तुझ्या हातात राहत नाही. ते सांगून झाल्यावर ते तीन दिवसांचं बोलले. आणि तिनं गॅसवरच्या पाण्याकडे बघत ते उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पडद्यावर 'हो' दाबलं.

पाणी सकाळी साडेनवाला आलं. विहिरीच्या बुडाशी कडेच्या दगडातून आधी चूळ टाकल्यासारखं गढूळ पाणी, मग मनगटाएवढी धार. काठावर सगळा गाव. सरपंच मंदाकाकींनी नारळ फोडला, कुणी पेढे वाटले, पोरांनी वरून उड्या टाकू नयेत म्हणून बायका ओरडत होत्या. त्या गर्दीत आप्पा दिसले. भिंत ओलांडून चालत आले होते, पायांवर पांढरी धूळ, आणि खांद्यावर तांब्याची घागर. रिकामी. पहिली घागर न्यायला आले होते.

केतकी त्यांच्यापर्यंत पोचेतो मोटार सुरू झाली होती. नळाशी रांग लागली होती. ती ओशाळली, म्हणाली, "आप्पा, उद्या मी माणूस पाठवून तुमच्या विहिरीत सेन्सर बसवते. तासातासाला मला मोबाइलवर दिसेल. डोळ्यात तेल घालून बघते, मग तर झालं?"

आप्पा हसले. "झालं की." त्यांनी घागर खाली ठेवली, नक्षीला घेतलं, नळाच्या धारेखाली तिचा तळवा धरला. पोर दचकली आणि मग खिदळली. आप्पा बराच वेळ तो हात तसाच धरून होते. जाताना घागर रिकामीच घेऊन गेले. ती भरून द्यायचं कुणालाच सुचलं नाही. केतकीलाही.

भोकरमाळला चार घरं. त्यातली तीन कामाला पश्चिमेकडे गेलेली, आषाढात परतणार. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. म्हणजे वर आप्पा एकटेच होते, त्यांची एक शेळी होती, आणि त्यांनी स्वतःसाठी फोडलेली ती एकच विहीर, एकशे त्रेचाळिसावी.

सेन्सर बसला. पाण्यात सोडलेली काळी वायर, काठावर वीतभर सौर पत्रा. मोबाइलवर एक निळी रेघ. पहिल्या दिवशी तीन मीटर वीस. आठवड्यानं दोन मीटर नव्वद. वर्षाची उतरण आठ दिवसांत झाली होती. पुढच्या तीन दिवसांत दोन मीटर साठ. तिनं फोन केला.

"भोक बुजवते, आप्पा. आजच मंडळाला कळवते."

"कशापायी? उन्हाळ्यात विहीर एवढी उतरतीच. आता थांबंल बघ. नक्षी काय म्हणती?"

आणि खरोखरच थांबली. दुसऱ्या दिवसापासून रेघ दोन मीटर साठवर टेकली. दिवसभरात दोन बोटं उतरायची, सकाळी सव्वासातला परत जागेवर यायची. पुन्हा दोन बोटं, पुन्हा जागेवर. महिनाभर. केतकी बाळाच्या छातीकडे बघावं तशी त्या रेघेकडे बघायची. खाली, वर. खाली, वर. विहीर श्वास घेत होती.

एक गोष्ट तिला खटकली होती, हे नंतर तिनं स्वतःपासून लपवलं नाही. उपसा थांबल्यावर झऱ्याचं पाणी हळूहळू चढतं. रेघ गोल वळण घेत वर जाते, आणि वर जाताजाता मंदावते. हे ती पहिल्या वर्षाला शिकली होती, परीक्षेत तिनं काढलंही होतं. इथं तसं वळण नव्हतं. सकाळी सव्वासातला रेघ एकदम उभी चढायची, उडी मारल्यासारखी. सेन्सर तासातासाला माहिती पाठवतो, त्यामुळे वळण दिसत नसेल, असं तिनं मनाशी म्हटलं. नक्षीला दात येत होते. घरात नळाला पाणी होतं. सासूबाईंनी पाच वर्षांनी दारात तुळस लावली होती. मन पाहिजे ते कारण शोधून काढतं, आणि शिकलेलं मन जरा लवकर शोधतं.

रोज संध्याकाळी ती फोन नक्षीच्या कानाला लावायची. आप्पा पलीकडून शेळीचा आवाज काढायचे. मग ती विचारायची, पाणी आहे ना? आप्पा म्हणायचे, "हाय की. विहिरीला काय धाड भरलीया?" एकदा तिनं विचारलं, आवाज असा का येतोय, घसा कोरडा पडल्यासारखा. ते म्हणाले, उन्हाळा हाय, घसा कोरडा न्हाय पडणार तर काय भिजणार? दोघंही हसली. भेटायला ये, असं ते त्या महिन्यात एकदाही म्हणाले नाहीत. येते म्हटलं तर म्हणायचे, पोरीला घेऊन उन्हाचं नको, पाऊस पडल्यावर या.

वैशाखातल्या एका सोमवारी सकाळी रेघेनं उडी मारली नाही.

त्या दिवशी नक्षीला लस होती. दुपारी ताप चढला. केतकीनं फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. आप्पांचा फोन निम्म्या वेळा कोनाड्यातच असायचा. मंगळवारी रेघ आणखी दोन बोटं खाली. ताप उतरत होता, पण पोर खांद्यावरून उतरत नव्हती. एका हातानं पोरीला थोपटत केतकीनं नोंदवहीत लिहिलं : भोकरमाळ विहीर, किंचित घट, लक्ष ठेवणे. फोन पुन्हा लावला. आता तो बंदच होता. रणजित म्हणाला, मी जाऊन येऊ का? ती म्हणाली, रेघ खाली जातेय म्हणजे आप्पा शेळीला, झाडांना पाणी देत असतील. बुधवारी आपण दोघंही जाऊ.

बुधवारी ती पोरीला सासूबाईंपाशी ठेवून निघाली. रणजितनं मोटारसायकल काढली होती, पण रस्त्याच्या वळशाचा तिला एकाएकी धीर धरवेना. ती भिंत ओलांडून पायी गेली. पाऊण तास म्हणायची सगळी. तिला चाळीस मिनिटं लागली.

दाराशी शेळी नव्हती. दाराला नुसती कडी. आत उंबऱ्याजवळ ती तांब्याची घागर, घासून लख्ख केलेली, रिकामी. केतकीनं दोनदा हाक मारली. मग ती विहिरीकडे वळली.

विहिरीला आप्पांनी स्वतः घडवलेल्या दगडी पायऱ्या होत्या. काठावरून वाकून पाहिलं, तर आधी चुन्याची रेघ दिसली, पांढरीशुभ्र, हिवरतळला पाणी आलं त्या दिवशी मारलेली. तिनं नाही, तरी त्यांनी रीत पाळली होती. रेघेच्या खाली ओला काळा दगड असायला हवा होता. तिथं वाळलेलं शेवाळ होतं, मग त्याखाली करडा दगड, आणि तळाला भेगा पडलेला गाळ. पाणी नव्हतं. बरेच दिवस नव्हतं.

तळातून वर येणारा एक करडा पाईप होता, चार इंची, पुरुषापेक्षा उंच. जुन्या कुठल्यातरी बोअरचा उरलेला तुकडा. तो दोरानं पायरीच्या दगडाला बांधला होता, बूड गोणपाट आणि चिकणमातीनं बुजवलेलं, आणि त्या मातीतून थेंब थेंब झिरपून खालचा गाळ बशीएवढा ओला झालेला. पाईपच्या तोंडातून सेन्सरची काळी वायर आत गेली होती. त्या तोंडाशी येणाऱ्या पायरीवर आप्पा बसले होते, पाठ दगडाला टेकवून, मान जराशी कलती. शेजारी तांब्या आडवा पडला होता.

तिनं त्यांच्या नाकाखाली बोट धरलं. धरायला नको हे कळत होतं, तरी धरलं. बराच वेळ धरून ठेवलं.

रणजित वळसा घालून पोचला तेव्हा ती तशीच बसलेली होती.

बाकीचं बिरूमामांनी सांगितलं. बिरूमामा मेंढपाळ, त्यांचा वाडा वर डोंगराच्या कुशीत, झऱ्यापाशी. मयतीला आले तेव्हा डोक्याचं मुंडासं काढून हातात धरलं आणि लांबच उभे राहिले. केतकीच जवळ गेली. ते म्हणाले, बावीस दिवसांत विहीर तळाला गेली होती. आप्पा एक दिवसाआड कॅन घेऊन झऱ्यावर यायचे, चार मैल चढून. शेळी मामांनाच देऊन टाकली. मामांनी म्हटलं, लेक साहेब हाय की तुझी, सांग तिला. तर आप्पा म्हणाले होते, "तिला कळलं तर ती भोक बुजवील. मग माझी नात पुन्हा टँकरचं पाणी पिईल. एक उन्हाळा काढायचा हाय, त्यात काय." झऱ्याच्या त्या पाण्यातला एक तांब्या ते रोज सकाळी राखून ठेवायचे. कशाला, ते मामांना उमगलं नव्हतं. अंघोळीला नाही, देवालाही नाही. "इचारलं तर म्हनायचा, पोरीला दाखवाया लागतं."

मग मामांचे डोळे भरले. गेले आठ दिवस ते मेंढरं घेऊन पुढच्या रानात होते. असते तर बघितलं असतं.

केतकीनं मोबाइल उघडला. महिन्याभराची निळी रेघ. रोज सकाळी सव्वासातची ती उडी. रोज एकदा एक म्हातारा माणूस तांब्या सांभाळत पायऱ्या उतरला होता, तो पाईपात ओतून त्यानं लेकीला सांगितलं होतं, मी आहे. तिनं ते रोज बघितलं होतं. ज्या दिवशी त्यानं सांगितलं नाही, तेही तिनं वेळेवर बघितलं होतं, आणि वहीत लिहिलं होतं, लक्ष ठेवणे.

डॉक्टर म्हणाले, उन्हाचा तडाखा. सोमवारी गेले असावेत, मंगळवारीही असतील. नक्की सांगता येत नाही. तिला नक्की हवं होतं. सोमवार असेल तर जाऊनही उपयोग नव्हता, मंगळवार असेल तर वेळ होता. तिनं पुन्हा विचारलं नाही.

दहावा झाल्यावर ती गावसभेत उभी राहिली. भोक बुजवायचं, असं म्हणाली. मग मंदाकाकी शक्य तितक्या हळू म्हणाल्या, "गेलेलं माणूस पाणी मागायला येत नाही, बाई. जित्या लेकरांचं बघ. तुझंही त्यात आहे."

"आषाढात वर तीन घरं परत येतील, काकी. ती मागायला येतील." तिनं त्यांना आकडे दाखवले. मनगटाएवढी धार आता करंगळीएवढी झाली होती. भिंतीमागचं पाणी संपत आलं होतं. अमाप तिथं कधीच नव्हतं. आणखी वीस दिवसांनी वरही काही उरणार नव्हतं आणि खालीही. आत्ता बुजवलं, तर पावसाचं पाणी भिंतीमागे अडेल. पुढच्या वर्षी भोकात तोटी बसवता येईल, आणि ती किती उघडायची हे वरच्या विहिरीतली चुन्याची रेघ ठरवेल. ती रेघ मोबाइलवर बघायची नाही. रोज एका माणसानं भिंत ओलांडून जायचं आणि डोळ्यांनी बघून यायचं.

"आणि तोवर?" मागून एका बाईनं विचारलं. तिच्या मांडीवर नक्षीएवढंच पोर होतं.

"तोवर टँकर," केतकी म्हणाली. "उकळून."

कुणी हो म्हटलं नाही. कुणी आडवंही आलं नाही. दुसऱ्या दिवशी गांडूळ चिकणमाती घेऊन परत भिंतीत गेलं. पोती उचलायला एकटा रणजित होता. दुपारी विहिरीच्या बुडातली धार बारीक झाली, सुतासारखी झाली आणि थांबली. त्या संध्याकाळी शेजारची बाई दारातून जाताना केतकीशी बोलली नाही. सासूबाईंनी तुळशीला तांदूळ धुतलेलं पाणी घातलं.

धार बंद होण्याआधी केतकीनं एक घागर भरून ठेवली होती. आप्पांचीच. सकाळी ती खांद्यावर घेतली, नक्षीला झोळीत पोटाशी बांधलं आणि भिंत ओलांडली. विहिरीच्या काठावर उभं राहून तिनं ती घागर ओतली. पाण्यात पाणी पडतं तसा आवाज आला नाही. दगडावर पडल्याचा आला. नक्षीनं तो ऐकून खाली बघितलं, आणि आजोबांना बोलवावं तसा शेळीचा आवाज काढला.

खोऱ्यातली प्रत्येक विहीर आणि प्रत्येक बोअर मंडळाच्या नकाशावर असते. ठिपक्यावर बोट ठेवलं की खोली, थर, पातळी असं सगळं उघडतं, आणि सगळ्यात शेवटी टिपेची रिकामी चौकट असते. तिथं कुणी काही लिहीत नाही. त्या दिवशी भोकरमाळच्या ठिपक्याखाली केतकीनं लिहिलं. ते अजून तिथं आहे :

'ही विहीर बावीस दिवसांत आटली. तरी महिनाभर या नकाशावर तिच्यात पाणी दिसत होतं. मी रोज बघत होते. मी भूजल निरीक्षक आहे, आणि या विहिरीच्या मालकाची मुलगी.

तुम्ही हा ठिपका उघडलात म्हणजे तुमच्याकडेही पाणी शोधायचं चाललं असेल, किंवा नुकतंच लागलं असेल. आकडे नंतर बघा. आधी आठवा, तुमच्या पाण्याच्या वरच्या अंगाला कोण राहतं. एकटं राहतं का. तुम्ही विचारलं की "हाय की" म्हणतं का. फोन करू नका, फोनवर माणसं बरी असतात. एक घागर भरून घ्या आणि चालत जा, त्यांच्या विहिरीत वाकून बघा, त्यांच्या घशाकडे बघा, त्यांच्या हातचा चहा पिऊन या. पोराला ताप असला तर घरात कुणापाशी ठेवा, पण उद्यावर टाकू नका.

आजच जाऊन याल ना?'